वारशाचा खर्च कोणी सोसायचा?

अहमदाबादच्या काळुपूर भागातील स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत जाणारी एक पदयात्रा तेथील महानगरपालिकेने १९९७ मध्ये सुरू केली. मध्यंतरी एका सकाळी प्रस्तुत लेखकही तिच्यात सामील झाला होता. सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये वसविलेल्या या नगराचा गाभा म्हणजे तेथील ‘पोळ’. एकच प्रवेशद्वार, आत अरुंद गल्ल्या, मध्ये छोटासा चौक, त्यात पाखरांच्या दाण्यासाठी उभारलेला नक्षीदार चबुतरा आणि दोन्ही बाजूंना कोरीव लाकडी सज्जांची घरे, अशी ही रचना. लांबेश्वराच्या पोळमध्ये कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी आता त्यांचा पुतळा आहे. वाट संपते तेथून जवळच माणेकचौक आहे. दिवसा सराफी चालणारा हा चौक रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी भरून जातो.

ही घरे केवळ शोभेची नाहीत. छपरावरचे पावसाचे पाणी अंगणाखालच्या ‘टांक्या’त साठवून ते वर्षभर पिण्यास वापरण्याची सोय त्यांत होती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहरातील अनेक नव्या बहुमजली सिमेंटच्या इमारती कोसळल्या, परंतु लाकडी चौकटीची ही जुनी घरे बव्हंशी तगून राहिली. २०१७ मध्ये युनेस्कोने या सुमारे ५३५ हेक्टर क्षेत्राचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. असा मान मिळविणारे हे भारतातील पहिले शहर होय. पर्यटक वाढले, काही हवेल्यांची अतिथिगृहे झाली, दर्शनी भाग रंगविले गेले. पाहुण्याच्या दृष्टीने हे पुनरुज्जीवन यशस्वी ठरते, यात शंका नाही.

परंतु पाहुण्याने मुख्य वाट सोडून दोन गल्ल्या आत शिरावे, म्हणजे चित्र पालटते. कित्येक दारांना कुलपे आहेत. एका उत्कृष्ट कोरीव ओसरीत मालाची खोकी छतापर्यंत रचलेली दिसली. शेजारच्या घरातील वृद्ध गृहिणीने सांगितले की, तिची मुले साबरमतीपलीकडे राहावयास गेली आहेत, आणि पावसाळ्यात वरचा मजला गळतो म्हणून ती खालीच राहते. छायाचित्रे घेणारे रोज येतात, ही तिला कौतुकाची गोष्ट वाटत होती. पण छपराच्या दुरुस्तीचा खर्च तिला पेलवणारा नव्हता.

या साध्या प्रसंगात सगळा आर्थिक प्रश्न सामावलेला आहे. जुन्या घराच्या सौंदर्याचा लाभ साऱ्या नगराला, उपाहारगृहांना, मार्गदर्शकांना आणि पर्यटकांना मिळतो, मात्र देखभालीचा भार एकट्या मालकावर पडतो. लाभ सार्वजनिक आणि खर्च खासगी अशी विभागणी झाली, की त्या वस्तूची जपणूक समाजाला हवी तेवढी होत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत आहे. मग मालक घर गोदामाला देतो किंवा ते पडण्याची वाट पाहतो. त्याला लोभी म्हणून हिणविणे सोपे आहे, पण त्याच्या जागी आपण असतो तर वेगळे काय केले असते?

यात कायद्यांचीही भर पडली. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १९६० नंतर महाराष्ट्राप्रमाणे गुजरातलाही वारशात मिळाला. गोठलेल्या भाड्याने भाडेकरूला संरक्षण दिले हे खरे, पण दुरुस्तीचा स्रोतच आटला. १९८५ आणि २००२ च्या दंगलींनी अनेक कुटुंबांना जुने नगर सोडावयास लावले. १९९१ च्या कायद्याने ‘अशांत’ म्हणून घोषित भागांत घराच्या विक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक केली. भीतीपोटी होणारी विक्री थांबविणे हा या कायद्याचा सांगितलेला हेतू असला, तरी त्याने व्यवहार मंदावतो आणि वस्त्यांची धर्मवार विभागणी पक्की होते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

यावर अहमदाबादने योजलेला एक उपाय विचारार्ह आहे. नोंदणीकृत वारसा-घराच्या मालकाला काही प्रमाणात बांधकामाचा हक्क दिला जातो. तो हक्क शहरात अन्यत्र इमारत उभारणाऱ्यास विकून आलेल्या पैशातून दुरुस्ती करावी, अशी ही कल्पना. तत्त्वतः ती न्याय्य आहे, कारण शहराच्या वाढीतून मिळणाऱ्या नफ्याचा अंश शहराच्या मुळाकडे वळतो. परंतु या हक्काला किंमत येते ती टंचाईमुळे. शासनाने एकीकडे हा हक्क द्यावा आणि दुसरीकडे वाढीव चटईक्षेत्र सढळ हाताने वाटावे, तर त्या कागदाचे मोल उरणार नाही. शिवाय ज्या घराचे दहा वारस चार गावी विखुरले आहेत, तेथे एका अर्जावर दहा सह्या मिळविणे हेच दुरुस्तीपेक्षा अवघड ठरते.

हा विषय आपल्याला परका नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल अहमदाबादेवर होता, आणि गायकवाडांची हवेली आजही तेथे उभी आहे. पेशव्यांच्या पुण्यात मात्र पेठांतील वाडे आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. काही १९६१ च्या पानशेत पुरात गेले, तर त्यानंतरच्या दशकांत कितीतरी वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. त्या वाड्यांतील अंधाऱ्या खोल्या आणि सामाईक शौचकूप यांत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांनी सदनिका पत्करली यात त्यांचा दोष नाही. वारसा हवा असेल तर त्यात राहणाऱ्याला नळ, छप्पर आणि स्वच्छतागृह आधी मिळाले पाहिजे.

पुनरुज्जीवनाची कसोटी म्हणूनच पर्यटकांच्या संख्येत शोधू नये. पोळमध्ये सायंकाळी किती घरांत दिवा लागतो, हे मोजावे. पर्यटनातून येणाऱ्या करांचा ठरावीक हिस्सा छोट्या मालकांच्या दुरुस्ती निधीत जमा करणे, वारसांच्या संमतीची पद्धत सुलभ करणे आणि गोदामांना आळा घालणे, ही कामे कोणत्याही महापालिकेच्या आवाक्याबाहेरची नाहीत. ती न झाल्यास सज्जे उभे राहतील, पण त्यांतून खाली डोकावणारे कोणी उरणार नाही.