'ऑलवेज' करा, असं मीच सांगितलं होतं. आता नको म्हणतोय



आयफोनच्या चोरी-संरक्षणावरचा माझा जुना व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलाय. त्यात मी छातीठोकपणे म्हटलं होतं, "स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन चालू करा आणि सरळ ऑलवेजवर टाका, विषय संपला." विषय संपला नव्हता. तो पावसाळ्यात माझ्याच काउंटरवर येऊन उभा राहिला.

साड्यांचं दुकान चालवणाऱ्या एक ताई जुना फोन एक्स्चेंजला घेऊन आल्या. फोन पाण्यात पडला होता, वाळवल्यावर सुरू झाला, पण फेस आयडी गेला तो गेलाच. तीन आठवडे त्या पासकोडवर फोन वापरत होत्या. मी म्हटलं, ॲपल अकाउंटमधून साइन आउट करा. फोन म्हणे, चेहरा दाखवा. चेहरा तर त्याला दिसतच नाही! मी शहाणपणाने सांगितलं, "ताई, घरी जाऊन करा, घरी पासकोडवर होतं." अर्ध्या तासात त्यांचा फोन आला, "दादा, घरीपण चेहराच मागतोय. आणि हे ऑलवेज मी तुमचाच व्हिडिओ बघून केलं होतं."

काय बोलणार मी?

ही सोय मुळात का आली ते आधी बघू. अमेरिकेत चोर बारमध्ये लोकांचा पासकोड मागून बघायचे, मग फोन हिसकावून काही मिनिटांत ॲपल अकाउंटचा पासवर्डच बदलायचे. २०२३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने यावर बातम्या केल्या. जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ सोबत ॲपलने हे संरक्षण दिलं. अनोळखी जागी असाल तर सेव्ह केलेले पासवर्ड बघायला किंवा फोन पुसायला फक्त चेहरा किंवा बोटाचा ठसा चालतो, पासकोड नाही. अकाउंटचा पासवर्ड बदलणं, साइन आउट, फाइंड माय बंद करणं, पासकोड बदलणं, हे संरक्षणच बंद करणं, याला चेहरा दाखवा, एक तास थांबा, परत चेहरा दाखवा. घर, दुकान अशा ओळखीच्या जागी मात्र पासकोड चालतो. ऑलवेज केलं की ही ओळखीच्या जागेची सवलत जाते. फोन कुठेही असो, चेहरा पाहिजे म्हणजे पाहिजे.

म्हणजे चेहरा ओळखणारा भाग खराब झाला, की तुम्ही स्वतःच्याच फोनला चोर.

मग मी ऑलवेज का सांगितलं होतं? कारण आपली दुकानं मला माहितीयेत. मालक जेवायला घरी गेला की फोन गल्ल्यावर, आणि पासकोड सगळ्या पोरांना पाठ. "अरे, पेमेंट आलं का बघ रे." दुकान ही फोनच्या दृष्टीने ओळखीची जागा, त्यामुळे तिथे पासकोड माहीत असणारा कुणीही सगळं उघडू शकतो. ती भीती खरी आहे, अजूनही आहे. पण त्याला औषध ऑलवेज नाही. पासकोड पोरांना द्यायचाच नाही, हे औषध आहे. गल्ल्यावर पेमेंट बघायला आणि व्हॉट्सॲप बिझनेसला एक साधा वेगळा फोन ठेवा. मालकाचा फोन मालकाच्या खिशात.

मला वाटतं आपण, म्हणजे मी धरून, सिक्युरिटी फक्त चोराच्या बाजूने मोजतो. पण पाऊस, फरशी, चहाचा कप, हेही रोजचेच. गर्दीच्या शहरात सतत फिरणाऱ्याला, रोज वेगळ्या ठिकाणी राहणाऱ्याला ऑलवेज ठीक असेल. घर-दुकान-घर करणाऱ्याला 'अवे फ्रॉम फमिलिअर लोकेशन्स' हाच पर्याय बरा. संरक्षण चालूच ठेवा, बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. एक लक्षात घ्या, ओळखीच्या जागा फोन स्वतः शिकतो, आपण यादीत घालू शकत नाही. त्यासाठी सिग्निफिकंट लोकेशन्स चालू पाहिजे. नवीन गाळ्यात कालच आलात तर तो गाळा लगेच ओळखीचा होत नाही.

आता फेस आयडी अचानक बंद पडला तर? आधी साधं बघा. टेम्पर्ड ग्लास वरच्या कॅमेऱ्यावर आलाय का, तिथे घाण आहे का, रिस्टार्ट केला का. अपडेट आलं असेल तर करून घ्या. तरी नाहीच, तर लगेच रिसेट फेस आयडी दाबत बसू नका आणि दुरुस्तीलाही धावू नका. घरी जा, पासकोडने स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन बंद करा, बॅकअप घ्या, मग दुकान गाठा. दुकान ही तुमच्या फोनसाठी अनोळखी जागा असते. तिथे फाइंड माय बंद करायला सांगितलं की अडकलात.

माझ्या रिपेअरिंगवाल्या भावांनो, तुम्हालाही. फोन हातात घेताना गिऱ्हाइकासमोर फेस आयडी तपासा. आयफोन १० ते १२ मध्ये जुन्या स्क्रीनला चिकटलेली स्पीकरची पट्टी दुखावली की फेस आयडी गेला, दुसऱ्या फोनची पट्टी लावून तो येत नाही. आधीच बंद होता की तुमच्याकडे गेला, हे भांडण नंतर कुणीही जिंकत नाही.

ताईंचं काय झालं ते सांगतो. जीएसटीचा पासवर्ड त्याच फोनमध्ये सेव्ह होता आणि दुसऱ्या दिवशी २० तारीख, ३बीची. फोन चेहरा दाखवल्याशिवाय पासवर्ड दाखवेना. पोर्टलवर 'फरगॉट पासवर्ड' करून ओटीपीवर नवीन घेतला, रिटर्न गेलं. मग बॅकअप, नव्या फोनवर डेटा, सगळं नीट आलंय याची दोनदा खात्री, आणि शेवटी कॉम्प्युटरवरून आयक्लाउडच्या फाइंड डिव्हाइसेसमध्ये जाऊन जुना फोन पुसला, अकाउंटमधून काढला. हे जमलं कारण ॲपल अकाउंटचा पासवर्ड त्यांच्या मिस्टरांच्या डायरीत लिहिलेला होता. तो नसता तर जुना फोन ॲक्टिव्हेशन लॉकमध्येच राहिला असता आणि एक्स्चेंजचे पैसे गेले असते.

जुना व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही. त्यातला ऑलवेजचा भाग कापलाय आणि पहिल्या कमेंटमध्ये हे सगळं पिन केलंय. तेव्हा ऐकून ज्यांनी सेटिंग केलं असेल त्यांनी आज, चेहरा चालतोय तोवर, सेटिंग्जमध्ये फेस आयडी अँड पासकोड उघडून बघा.