मला एक आजी आहे

लग्नसराई जवळ आली की हैदराबादेतील मराठी माणसाची पावले बेगम बाजाराकडे वळतात, हे आम्ही वाचकांना सांगावयास नको. मसाल्यांचा आणि सुक्या मेव्याचा दरवळ घेत, हमालांच्या गाड्या चुकवीत भांड्यांच्या दुकानांपर्यंत पोहोचावे, आणि तेथे तासभर तरी घासाघीस करावी, हा आपल्या घरांचा जुनाच परिपाठ. गेल्या महिन्यात आम्हीही तो पाळला. बरोबर आमच्या अक्का होत्या, वय वर्षे ८४. आणि त्यांची नात होती. नातीचा जन्म, शिक्षण, नोकरी सारे अमेरिकेतले. लग्नापुरती पंधरा दिवस इकडे आलेली. तिला आतून कल्हई केलेला पितळी डबा द्यावा आणि त्यावर नाव घालून द्यावे, असा अक्कांचा हट्ट होता.

डबा ठरला, भाव ठरला. नाव घालणारा आपले यंत्र सरसावून बसला आणि म्हणाला, “क्या लिखना अम्मा? मराठी में डालना कि इंग्लिश में?”

अक्कांनी मराठी मजकूर सांगितला, “आजीकडून सप्रेम भेट.” जावई मराठी नव्हेत, तेव्हा खाली इंग्रजीची एक ओळ असावी, असे नातीने सुचविले. अक्का तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढलेल्या. त्या तत्काळ म्हणाल्या, “घाल, बाय ग्रँडमदर.” नात हळूच म्हणाली, “आजी, ‘बाय’ नको. ‘फ्रॉम’ पाहिजे.”

“अगं, दोन्हींचा अर्थ ‘कडून’च ना?”

अक्कांचे चुकले होते काय? आमच्या मते अर्धेच चुकले होते. मराठीतला ‘कडून’ हा एकटा तीन घरची कामे करतो. ‘आजीकडून डबा आला’ यात वस्तू कोठून निघाली ते तो सांगतो. ‘गवंड्याकडून भिंत बांधून घेतली’ यात काम कोणी केले ते सांगतो. आणि ‘माझ्याकडून काच फुटली’ यात करणारा मीच, पण मनात तसे नव्हते, हेही तो सुचवितो. इंग्रजीत वस्तूच्या उगमाला ‘फ्रॉम’ लागते, कर्त्याला ‘बाय’ लागते, आणि अजाणता घडलेल्या चुकीला यांपैकी काहीच चालत नाही. तेथे सरळ ‘मी काच फोडली’ असे म्हणून पदरी दोष घ्यावा लागतो. म्हणूनच आपल्यापैकी कित्येकजण ‘मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम माय साइड’ असे लिहून जातात. त्या वाक्याचे कपडे तेवढे इंग्रजी असतात. आतला माणूस ‘माझ्याकडून चूक झाली’ असेच म्हणत असतो.

ही छोटी अव्यये एकेकटी शिकता येत नाहीत, हे आम्हाला पुष्कळ उशिरा उमगले. शाळेत आम्ही यादी पाठ केली होती: ‘ऑन’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे बरोबर, ‘टू’ म्हणजे ला. मग क्रियापद आले की यादी दगा देई. आपण माणसावर रागावतो; इंग्रज माणसा‘विथ’ रागावतो. आपले लग्न अमक्याशी होते. त्याचे अमक्या‘टू’ होते. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. वस्तुतः ‘डिस्कस’ला पुढे कोणतेच अव्यय नको असते. ‘लुक’ हे एकच क्रियापद घ्या. त्याच्यापुढे ‘ॲट’ आले तर पाहणे, ‘फॉर’ आले तर शोधणे, ‘आफ्टर’ आले तर सांभाळणे! क्रियापद आणि त्याचे अव्यय हा जोडा आहे. दुकानात डबा झाकणासकट घ्यावा, तसा तो घ्यावयाचा.

त्यात सर्वनाम आले की आणखी एक गंमत होते. दिवा मालवावयाचा असेल तर ‘टर्न ऑफ द लाइट’ चालते आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालते. पण ‘लाइट’च्या जागी ‘इट’ आले की त्याला मधेच बसावे लागते: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हटले की ऐकणारा चमकतो. उलट ‘लुक ॲट इट’मध्ये तेच ‘इट’ निमूटपणे शेवटी बसते; कारण तेथे ‘ॲट’ हे सर्वनामाचे सोबती असते, तर पहिल्या उदाहरणात ‘ऑफ’ हे क्रियापदाचेच अंग झालेले असते.

इंग्रजी सर्वनामे आपले रूपही बदलतात. ‘टू आय’ नव्हे, ‘टू मी’. ‘विथ ही’ नव्हे, ‘विथ हिम’. यात मराठी माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. ‘मीबरोबर’ असे आपण तरी कोठे म्हणतो? ‘मी’चे ‘माझ्या’ होते, मग ‘बरोबर’ येऊन चिकटते. यालाच आपले व्याकरणकार सामान्यरूप म्हणतात. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून या रूपांची चिकित्सा चालू आहे. भेद इतकाच की आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि इंग्रजीचे पुढे चालते.

आणि इंग्रजी तरी नेहमीच अशी होती काय? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. पुढे ते झिजले आणि त्यांचा भार या छोट्या अव्ययांवर पडला. जुन्या रूपांच्या खुणा मुख्यतः सर्वनामांत उरल्या. ‘हिम’ हे मुळात ‘त्याला’ असे चतुर्थीचेच रूप होते. शेक्सपिअरच्या नाटकांतले ‘मीथिंक्स’ म्हणजे अक्षरशः आपले ‘मला वाटते’. ‘लाइक’ हे क्रियापदही जुन्या काळी ‘मला आवडते’ याच धाटणीने चाले. ‘मला’ने आरंभ करण्याची ती रीत इंग्रजांनी सोडली; आपण ठेवली.

ती आपल्याकडे अजून किती जिवंत आहे, हे त्या दुकानातच कळले. नाव घालणाऱ्याने विचारले, “नानी कि दादी? वैसा डालेंगे.” नात हसून आजीकडे वळली आणि म्हणाली, “नुसतं आजीच लिहू दे. माझ्याकडे एकच आजी आहे.”

अक्का क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “तुझ्याकडे नाही गं बाळ. तुला आहे.”

नातीला भेद कळेना. इंग्रजीत भाऊ, पैसे, ताप, वेळ, आजी या सर्वांना एकच ‘आय हॅव’ पुरते; तेच तिने मराठीत आणले होते. आम्ही तिला सांगितले की नाते असते ते ‘ला’ने: मला भाऊ आहे. हाती असते ते ‘कडे’ने किंवा ‘जवळ’ने: माझ्याकडे किल्ली आहे, माझ्याजवळ पैसे आहेत. दुकानदार हे सारे कान देऊन ऐकत होता. तो म्हणाला, आमच्या दखनीतही असेच, ‘मेरेको दो बच्चे हैं’, पण ‘मेरे पास पैसे हैं’. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या तेलुगू गिऱ्हाईक बाईंनीही मान डोलावली: मुले असतात ती ‘नाकु’, पैसे असतात ते ‘ना दग्गर’. एका दुकानात तीन भाषा, आणि तिघींचे मत एक! जे हातातून सुटू शकते ते एका शब्दाने सांगावे, जे सुटत नाही ते दुसऱ्याने.

नातीने थोडा विचार केला. “मग ‘आजी माझ्याकडे आहे’ असं कधीच म्हणता येत नाही?”

“येतं की,” अक्का म्हणाल्या. “मी तुझ्या घरी राहायला आले, तर म्हणता येईल.”

यावर कोणीच काही बोलले नाही. अक्कांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, मग विमानाचा प्रवास कोठला? ते तिघांनाही ठाऊक होते. यंत्राची घरघर सुरू झाली आणि पितळेवर अक्षरे उमटू लागली. वर ‘आजीकडून सप्रेम भेट’, खाली इंग्रजीत ‘फ्रॉम आजी’. ‘ग्रँडमदर’ हा शब्द नातीनेच काढावयास लावला.

आमच्या मुलानातवंडांचे इंग्रजी निर्दोष व्हावे, हे आम्हाला हवेच आहे. त्यासाठी अव्ययांचे जोडे त्यांनी जरूर घोकावेत. पण कोणी मूल ‘मी तुझ्यासाठी थांबत होते’ म्हणाले, तर ‘मी तुझी वाट पाहत होते’ हे आपले वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांनी न हसता, न रागावता त्याच्या कानावर घालावे. अक्कांनी घातले तसे. तो डबा आता सातासमुद्रापलीकडे गेला आहे. परवा नातीचा फोन आला होता. डबा पोहोचला, म्हणाली, आणि मग सावकाश, शब्द जुळवीत म्हणाली, “इथे सगळ्यांना सांगितलं, मला एक आजी आहे.”