गराजमधल्या गप्पा : 'स्टॉल २०००' म्हणजे किती?



हायस्कूल संपता संपता आपली मुलं एखादी जुनी गाडी गराजमध्ये आणून उभी करतात आणि एक दिवस जाहीर करतात, "बाबा, सहा सिलिंडरचं इंजिन काढून व्ही-एट टाकतोय!" ट्रान्समिशन तेच, टॉर्क कन्व्हर्टरही तोच. त्यावर 'स्टॉल २०००' असं लिहिलेलं, म्हणून चिरंजीव निश्चिंत. बाबांनी इथे जरूर तोंड घालावं.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असतं. पहिला पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. ब्रेक दाबून दुसरा अडवून धरला आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, तर इंजिन ज्या आरपीएमला अडकतं तो स्टॉल स्पीड. म्हणजे हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नव्हे, जोडीचा आहे!

तेलाचा विरोध आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणून स्टॉल टॉर्कच्या वर्गमुळाने बदलतो. समजा जुनं इंजिन २००० आरपीएमला २०० पाउंड-फूट टॉर्क देत होतं आणि नवं त्याच भागात २८८ देतं. २८८ भागिले २०० म्हणजे १.४४, वर्गमूळ १.२. नवा स्टॉल झाला २४००. मात्र टॉर्क त्या आरपीएमचा घ्यायचा, जाहिरातीतला कमाल नव्हे. २४०० ला टॉर्क वेगळा निघाला तर गणित पुन्हा करायचं.

कन्व्हर्टर बदलायचाच असेल तर व्यास बघा. रचना तीच ठेवून व्यास १० टक्के कमी केला, तर स्टॉल सुमारे ३० टक्के वाढतो. पण जास्त म्हणजे चांगला असं नाही, बरं का! स्टॉल गरजेपेक्षा जास्त असेल तर रोजच्या चालवण्यात घसरण वाढते, तेल तापतं आणि ट्रान्समिशनचं आयुष्य घटतं. वरच्या उदाहरणात स्टॉलला सुमारे १३० हॉर्सपॉवर नुसती उष्णता होऊन तेलात जाते. म्हणून स्टॉलची चाचणी पाच सेकंदांच्या आत आटपा, मग न्यूट्रलमध्ये तेल थंड होऊ द्या. चाकांना अडण लावा आणि गाडीपुढे कुणालाही उभं राहू देऊ नका.

तेव्हा पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : "हे २००० कुठल्या टॉर्कवर?" उत्तर आलं नाही, तर दुसरं दुकान गाठा. आणि वर्गमुळाचा उपयोग काय, असं चिरंजीवांनी पुन्हा विचारलं, तर गराजकडे बोट दाखवा!