धुरी कुणाला?

नैर्ऋत्य नायजेरियात वर्षातून दोनदा वटवाघळांचा उत्सव असतो. लोक ठरलेल्या गुहांत शिरून वटवाघळे पकडतात. काही खातात, काही विकतात. या वटवाघळांत आणि त्यांच्या अंगावर रक्त पिऊन जगणाऱ्या माश्यांत ‘बार्टोनेला’ गटातला एक नवा जीवाणू सापडला. आसपासच्या २०४ जणांचे रक्त तपासले, तेव्हा आठ जणांत त्याविरुद्धची प्रतिपिंडे निघाली. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडे म्हणजे आजार नव्हे. पण जीवाणूची आणि माणसाची गाठ पडली असावी, एवढे त्यातून दिसते.

असे काही कानावर आले की गुहेला धुरी देण्याची भाषा सुरू होते. वटवाघळे हटवण्याचा प्रयोग युगांडातल्या किटाका खाणीत झालेला आहे. २००७ मध्ये तिथल्या कामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली आणि खाणीतली वटवाघळे संपवण्यात आली. २०१२ पर्यंत तिथे पुन्हा वटवाघळे आली, आणि बाधित वटवाघळांचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून जास्त निघाले. रोग वेगळा, पण वटवाघळाची जात नायजेरियातलीच.

मुळात वटवाघळांवरची ही माशी सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. तिला पंख नाहीत, दिसते कोळ्यासारखी. सारा जन्म वटवाघळाच्या केसांत जातो. अळी पोटातच वाढवते, ती गुहेच्या भिंतीला चिकटवण्यापुरती खाली उतरते आणि पुन्हा अंगावर चढते. तिच्या घरात घुसतो तो माणूस. उवा-पिसवांच्या विष्ठेतला बार्टोनेला ओरखड्यांतून शरीरात शिरतो, हे तर जुनेच ज्ञान आहे; या माशीच्या बाबतीतही तशीच शंका घेता येते.

खरी उणीव निदानात आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेत सापडलेल्या बार्टोनेलाच्या नव्या जातीचे वर्णन २०१० मध्ये झाले. २०१४ मध्ये तीच जात फिनलंडच्या वटवाघळांत आढळली. नेहमीच्या रक्त-कल्चरमध्ये हा जीवाणू बहुधा वाढतच नाही. त्यामुळे न शोधणाऱ्याला तो सापडत नाही. गुहांत, लेण्यांत, पडक्या कोठारांत भटकणारे आपल्याकडेही कमी नाहीत. अशा भटक्यांनी वटवाघळांना हात लावू नये, आणि ताप हटत नसेल तर डॉक्टरांनी ‘कुठे गेला होतात?’ हा एक प्रश्न जादा विचारावा. या दोन गोष्टींनी जे साधेल, ते धुरीने साधणार नाही.