बाबांचा क्लोज-अप

गेले दोन वीकेंड मी दिग्दर्शक होतो! म्हणजे झालं काय, पुण्यात शनिवार-रविवारचा एक फिल्ममेकिंगचा क्लास लावलाय. तिथे गृहपाठ मिळाला: दोन मिनिटांची फिल्म, पात्र एकच, संवाद नाहीत, जास्तीत जास्त बारा शॉट. हापिसात सहा-सहा महिन्यांचे प्रोजेक्ट रेटणाऱ्या माणसाला दोन मिनिटं म्हणजे काय, चुटकीसरशी होईल, असं वाटलं.

गोष्ट साधीच. एक म्हातारा माणूस मुलाच्या फोनची वाट बघतोय. नट घरचा आणि फुकट, आमचे बाबा. कॅमेरा मोबाईलचा, ट्रायपॉड मित्राचा. सकाळी नऊला सुरुवात केली, दुपारी दोनपर्यंत जेमतेम सात शॉट झाले. पहिल्या शॉटमध्ये ऊन टेबलावर, पाचव्यात ते भिंतीवर. चहाचा कप एका शॉटमध्ये अर्धा, पुढच्यात काठोकाठ. कोडमध्ये राहिलेली ओळ रात्री दोनलाही घालता येते हो, पण जे शूटच केलं नाही ते एडिटिंगला बसल्यावर कुठून आणणार?

एकूण फुटेज ४७ मिनिटं. त्यात बाबांचा आठ सेकंदांचा एक क्लोज-अप सापडला. नजर खाली, ओठ किंचित दाबलेले. त्याच्यापुढे टेबलावरच्या गप्प पडलेल्या फोनचा शॉट जोडला आणि माझ्याच पोटात कालवलं. क्लासमध्ये फिल्म दाखवली तेव्हा एक जण म्हणाला, "काकांनी काय काम केलंय यार!"

घरी येऊन बाबांना विचारलं, त्या वेळी मनात काय चाललं होतं?

"कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. तू मध्येच गप्प बसायला सांगितलंस, हुकल्या."

ही गंमत फार जुनी आहे. रशियात लेव्ह कुलेशोव्हने १९२० च्या आसपास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. प्रेक्षकांना म्हणे त्यात आधी भूक दिसली, मग दुःख. क्लासमध्ये हे ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. पण स्वतःच्या बापावर प्रयोग होईपर्यंत कळलं नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शाळेत प्रत्येक पोराकडून दोन मिनिटांची तरी फिल्म एडिट करून घ्यावी. दिग्दर्शक घडवायला नाही, बघायला शिकवायला. दिवसभर मोबाईलवर तीस-तीस सेकंदांचे तुकडे बघून आपण कोण रडलं, कोण कुत्सित हसलं ते ठरवतो आणि पुढे ढकलतो. त्या चेहऱ्यापुढचा शॉट कुणी जोडला, हा प्रश्न स्वतः एकदा कात्री चालवल्याशिवाय पडतच नाही.

आणि कात्री काय फक्त कॉम्प्युटरवरच चालते? सहा वर्षांपूर्वी मी चांगली चाललेली नोकरी सोडून दुसरी धरली. बातमी सांगितली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मी त्या चेहऱ्यापुढे माझ्या मनातला शॉट जोडला: बाबा नाराज आहेत. सहा वर्षं तोच कट बघत होतो, आणि त्या नादात त्यांच्याशी ऑफिसबद्दल बोलणंच बंद केलं होतं.

कुकरवरून हसत होतो तेव्हाच धीर करून तेही विचारलं.

"नाराज? छे रे! तुझ्या नव्या कंपनीचं नाव जमेना. चारचौघांत सांगताना चुकायला नको म्हणून मनातल्या मनात घोकत होतो."

मला काय बोलावं सुचेना. मग कंपनीचं नाव त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

असो. फिल्ममधला कट तसाच ठेवलाय, चांगला जमलाय. पुढच्या गृहपाठात संवाद आहेत. बाबांनी मानधन मागितलंय आणि कुकर लावायच्या आत शूटिंग संपवायची अट घातलीय.