विंधनविहिरीचा गाळ कोणाचा?

करमाळा तालुक्यातील केम हे कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले गाव अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यात मोडते. अशा मुलखात विहीर आटली की विंधनयंत्राला पाचारण करणे ओघानेच येते. पाणी लागले की नाही याची चर्चा गावभर होते. बाहेर पडलेल्या करड्या गाळाची मात्र कोणी वास्तपुस्त करीत नाही. वस्तुतः सहा इंच व्यासाच्या, 300 फूट खोल छिद्रातून सुमारे 60 घनफूट कातळ भुकटी होऊन वर येतो. तो गटारात वा शेजाऱ्याच्या शेतात वाहू देणे, हा कुठला न्याय?

महानगरांत इमारतींच्या खोल पायासाठी वापरलेले बेंटोनाइट मातीचे द्रावण वाळू वेगळी करून पुन्हा वापरतात. शासनानेही 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणून गाळ ही संपत्ती मानली. अर्थात धरणाचा सुपीक गाळ व कातळाची भुकटी एक नव्हेत. ही भुकटी लगोलग खत ठरणार नाही. परंतु खड्ड्यात निथळवून वाळविल्यास अंगणाच्या वा वाटेच्या भरावाला ती खचितच उपयोगी पडेल. ग्रामपंचायतींनी अशा निथळखड्ड्याचा आग्रह धरावा. भूमीच्या पोटातील पाणी आपण घ्यावे आणि चिखल मात्र शेजाऱ्याच्या दारी सोडावा, ही रीत शेजारधर्माला शोभणारी नाही.