दूध नको, हात नको

परवा नागपंचमीला मावशी वाशीहून आमच्याकडे नेरूळला आली ती दुधाची वाटी घेऊनच. "तुझ्या नागोबाला!" आमचा नागोबा म्हणजे लेकाचा कॉर्न स्नेक. मूळ अमेरिकेचा, बिनविषारी. (आपला नाग किंवा धामण घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकते.)

मावशीला म्हटलं, अगं, साप दूध पीत नाहीत. गारुडी त्यांना आधी पाण्यावाचून ठेवतात, म्हणून बिचारे समोर येईल ते पितात. मग तेच बाधतं.

पण मावशीला हसायचा मला काय अधिकार? गेल्या वर्षी मीच शहाणपणा केला होता. फ्रीजरमधला उंदीर पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून वितळवला आणि चिमटा सापडेना म्हणून हातानेच पुढे केला. उंदराच्या वासाचा हात त्याला उंदीरच वाटला! रक्ताचे दोन थेंब आले, एवढंच. पण लेक रडवेला होऊन म्हणाला, "आई, आता याला देऊन टाकशील?"

चूक त्याची नव्हती, माझी होती. आता लांब चिमटा. जेवणानंतर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो. हाताळलं की साबणाने हात धुवायचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

मला वाटतं, दूध पाजणं काय, कुरवाळणं काय, दोन्ही आपल्याच समाधानासाठी. त्याला त्याच्या पद्धतीने जेवू द्यावं, हीच पूजा.

असो. दूध आम्ही दिंडांबरोबर संपवलं.